आज वाटेत काय पाहिले?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात बडोदे येथे केलेले भाषण)



या मेळाव्यात दोन शब्द बोलावेत असा निरोप न्यासाच्या चिटणीसांकडून आला, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आम्ही वक्ते नव्हे, की विद्वानही नव्हे. गेली वीस वर्षे शाळेत इतिहास-भूगोल शिकवणारे एक साधे मास्तर. परंतु या संस्थेला नाही म्हणणे आम्हांस शक्यच नव्हते. आठवीपासून दहावीपर्यंतची आमची क्रमिक पुस्तके याच न्यासाच्या पुस्तकपेढीतून मिळाली. पहिल्या पानावर न्यासाचा जांभळा शिक्का असे आणि त्याखाली ते पुस्तक आधी वापरून गेलेल्या मुलांची नावे. त्या नावांखाली आम्ही आपले मुसलमानी नाव लिहिले, तेव्हा ते वेगळे आहे असे कोणी आम्हांस जाणवू दिले नाही. वर्षअखेर पुस्तके परत करताना कार्यालयातील एक वयस्कर गृहस्थ पाने उलटून पाहात आणि 'नीट वापरलेस, बाळ' एवढेच म्हणत. ते ऋण मोठे आहे. आजचे हे चार शब्द म्हणजे त्याचा लहानसा हप्ता समजावा.

विषय आम्हीच निवडावा अशी मुभा होती. शिक्षणावर बोलावे, इतिहासावर बोलावे, असे बरेच मनात आले. अखेर असे ठरवले की, ज्या एका गोष्टीने गेल्या चार वर्षांत आमचा रोजचा दिवस बदलला, तीच आपणांपुढे मांडावी. गोष्ट घरगुती आहे, तरी क्षमा असावी.

आमच्या मातोश्रींना आम्ही घरी अम्मा म्हणतो. आमचे पूर्वज सातारा जिल्ह्यातून गायकवाड सरकारच्या चाकरीत इकडे आले. घरची बोली दखनी, शाळेची मराठी आणि बाजाराची गुजराती, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. अम्मा गोधड्या शिवीत. जुन्या साड्यांचे आणि धोतरांचे तुकडे असे काही जुळवीत की, गोधडी अंगावर घ्यावी की भिंतीवर टांगावी असा प्रश्न पडे. चार वर्षांपूर्वी त्या चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेऊ लागल्या. ओट्याची पायरी चुकू लागली. शेजारून कोणी आले तरी त्यांच्या लक्षात येत नसे. आम्ही सारे म्हणालो, वय झाले. वस्तुतः वय हे निदान नव्हे, ती आपल्या आळसाची सबब आहे. पण हे उशिरा कळले.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासून काचबिंदू असल्याचे सांगितले. मग कागदावर एक वर्तुळ काढून त्याच्या कडा पेन्सिलीने आतआत काळ्या करीत आणल्या. "मास्तर, या विकारात दृष्टी कडेकडेने जाते," ते म्हणाले. "बहुधा डोळ्यातील पाण्याचा दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू मरते. दुखत नाही, लाल होत नाही. समोरचे बरेच दिवस स्वच्छ दिसत राहते, म्हणून रोग्याला आपले काही गेले आहे हे कळतच नाही. गेले ते परत येत नाही. थेंब नेमाने घातले तर उरलेले राखता येते." आम्ही तो कागद घडी करून खिशात ठेवला. तो अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे.

त्यानंतर अम्मांचे बाहेर जाणे जवळजवळ थांबले. त्या संध्याकाळी दाराशी बाजेवर बसून राहात. आम्ही शाळेतून आलो की पाण्याचा तांब्या पुढे करीत आणि विचारीत, "आज रस्ते में क्या देखा रे?"

मंडळी, आपल्यापैकी कोणाला हा प्रश्न आज घरी गेल्यावर विचारला, तर काय उत्तर द्याल? आम्ही पहिल्या दिवशी म्हणालो, "काय असायचे? गर्दी होती." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी अम्मा शांतपणे म्हणाल्या, "गर्दी तो घर बैठे भी सुनाई देती रे. रस्ता बोल." आणि आम्हांस सांगावयास एक ओळही सुचेना.

हा रस्ता कोणता, ते ऐका. आमचे घर पाणीदरवाज्याजवळ. तेथून मांडवी, मग लहरीपुरा दरवाजा, न्यायमंदिर, सुरसागर आणि दांडिया बाजारावरून पुढे शाळा. स्कूटरवर पंचवीस मिनिटे. बाहेरगावचे पाहुणे छायाचित्रे काढण्यासाठी ज्या वाटेने हिंडतात, त्याच वाटेने आम्ही वीस वर्षे रोज दोनदा गेलो आणि आम्हांस फक्त समोरच्या रिक्षाची मागची बाजू दिसली.

दुसऱ्या दिवशी निश्चय केला की, एक तरी वस्तू पाहून घरी यायचे. संध्याकाळी ऐटीत सांगितले, "आज मांडवी नीट पाहिली. चौकोनी आहे, कमानी आहेत, मुघल अमदानीतील वास्तू आहे, गायकवाडांनी डागडुजी करून राखली." अम्मांनी विचारले, "एक बाजू को कमानें कितनी?" आम्ही गप्प. वर्गात आम्ही मुलांना मुघलांचा इतिहास शिकवतो, मराठ्यांचा शिकवतो आणि दोघांचाही हात लागलेल्या वास्तूच्या कमानी आम्हांस मोजता आल्या नव्हत्या. अम्माच म्हणाल्या, "तीन." लग्न होऊन या गावी आल्यानंतर त्या तेथे बांगड्या भरण्यास जात. गर्दीत उभे असताना त्यांनी त्या मोजल्या होत्या. त्या दिवशी आम्हांस आमच्या पदवीची थोडी लाज वाटली.

पुढल्या सकाळी त्या तीन कमानी आम्ही स्कूटर चालवीत असतानाच मोजू लागलो आणि एका केळीवाल्याच्या हातगाडीवर जवळजवळ आदळलो. त्याने गुजरातीत आमचा जो सत्कार केला, तो या व्यासपीठावरून सांगण्याजोगा नाही. तेव्हापासून नियम केला: वाहन चालताना नजर रस्त्यावर, आणि जेथे थांबावे लागेल तेथे इकडेतिकडे. सिग्नल, पेट्रोलची रांग, फाटक, शाळेचे दार. आपल्या दिवसात थांबण्याच्या जागा किती असतात, हेही आम्हांस याच निमित्ताने कळले. पूर्वी तेथे आम्ही चडफडत असू.

असा आमचा अभ्यास सुरू झाला. त्यातील दोन-चार धडे आपणांस सांगतो.

मांडवीजवळच मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून राज्यातील ग्रंथालयांची घडी बसवून घेतली, हे आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. बी. एड.च्या वर्षी तेथे बसून टिपणेही काढली होती. पण पुस्तकांच्या दालनातील जमीन जाड काचेची आहे आणि ती तशी का आहे, याचा विचार कधी केला नाही. आता जाऊन पाहिले. वरच्या खिडक्यांतून आलेला उजेड काचेतून झिरपून खालच्या मजल्यावरील कपाटांपर्यंत पोहोचावा, ही ती योजना. खाली उभे राहून वर पाहिले की हिरवट, पाण्यासारखा प्रकाश दिसतो आणि वरून कोणी चालले तर पावलांच्या सावल्या सरकतात. संध्याकाळी हे अम्मांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "जिसने बनाया उसकू अंधेरा मालूम था." आम्ही त्या इमारतीविषयी वाचलेल्या सर्व पानांपेक्षा हे वाक्य आम्हांस अधिक खरे वाटते.

दुसरा धडा कानाचा. सुरसागराच्या काठी संगीत महाविद्यालय आहे. त्याचा उगम १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी काढलेल्या गायनशाळेत आहे. घराण्यांची कवाडे बंद ठेवण्याच्या त्या काळात मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, क्रमिक पुस्तके लिहिली आणि सामान्य घरातील मुलांना वर्गात बसवून गाणे शिकवले. आम्हां मास्तरांचे ते पूर्वजच म्हणावयाचे. एके सकाळी तेथे वाहतूक खोळंबली. सगळे भोंगे वाजवीत होते. तेवढ्यात क्षणभर भोंगे थांबले आणि वरच्या खिडकीतून तंबोऱ्याचा आवाज आला. कोणी विद्यार्थी तारा जुळवीत असावा. पुन्हा भोंगे सुरू झाले. तो अर्धा मिनिट आम्ही घरी नेला. अम्मांना तो डोळ्यांच्या कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक आवडला, कारण तो त्यांनाही ऐकता आला असता.

तिसरा धडा आमच्या विद्यार्थ्यांनी दिला. शाळेच्या आवारात एक वड आहे. आपल्या गावाचे नावच वडावरून पडले. इ. स. ८१२ च्या एका ताम्रपटात या गावाचा उल्लेख वटपद्रक असा आहे. पण वडाच्या गावातील माणसे वडाखाली वाहने उभी करतात आणि फळे पडून गाडी खराब होते म्हणून कुरकुरतात. आम्हीही कुरकुरत होतो. एकदा सातवीच्या एका मुलीने विचारले, "सर, वडाला फळे येतात, मग फुले केव्हा येतात?" आम्ही म्हणालो, उद्या सांगतो. विज्ञानाच्या बाईंना विचारले. त्यांनी वडाचे एक कोवळे फळ ब्लेडने चिरून भिंग दिले. आत दाटीवाटीने बारीक फुले! आपण ज्याला फळ म्हणतो तो वस्तुतः फुलांचा मिटलेला गुच्छ आहे. तोंडाच्या बारीक छिद्रातून एक इवलीशी गांधीलमाशीच्या जातीची माशी आत शिरते, तिच्यामुळे परागीभवन होते आणि तेथेच तिची पिल्ले वाढतात. ती माशी नसेल तर वडाला बी धरणार नाही, आणि वड नसेल तर त्या माशीला घर नाही. चाळीस मुले एकेक करून भिंगातून पाहात होती आणि त्या तासाला एकानेही घंटा केव्हा होईल असे विचारले नाही.

चौथा धडा माणसांचा. उत्तरायण जवळ आली की गेंडीगेटच्या बाजूस रस्त्याच्या कडेला खांब रोवून मांजा रंगवतात. पहाटेपासून माणसे हातात रंगाचा आणि खळीचा गोळा घेऊन धाग्यावरून पुढे-मागे चालतात. बोटांना चिंध्या बांधलेल्या असतात, तरी कापते. कोवळ्या उन्हात शेकडो गुलाबी धागे एका उंचीवर ताणलेले दिसतात, तेव्हा हवेलाच कोणी उभा-आडवा ताणा लावला आहे असे वाटते. हे सुंदर आहे. परंतु त्याच धाग्यावर काचेची पूड असते आणि १४ जानेवारीला त्याच धाग्याने पाखरांचे पंख कापले जातात, माणसांचे गळे चिरतात, हेही पाहिले पाहिजे. अम्मांना दोन्ही सांगितले. नीट पाहणाऱ्याला सोयीचे तेवढेच पाहून थांबता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, "मास्तर, हे पगारदार माणसाचे चोचले आहेत. ज्याला सकाळी दुकान उघडायचे, लोकल गाठायची, मुलांचे डबे करायचे, त्याला सौंदर्य पाहायला वेळ कोठे?" आक्षेप रास्त आहे. घरातील स्त्रियांच्या बाबतीत तर तो अधिकच रास्त आहे. आम्ही सुरसागरावरचा सूर्य पाहात असताना आमच्या सौभाग्यवती आमचा डबा भरीत असतात, हे आम्ही विसरलेलो नाही. तथापि एक अनुभव सांगतो. आमचा रस्ता पूर्वीही पंचवीस मिनिटांचा होता आणि आताही तेवढाच आहे. फार तर पाच मिनिटे आधी निघतो. पाहण्यास वेगळा वेळ लागत नाही. जो वेळ चडफडण्यात जात होता, तोच लागतो. आणि अम्मांनी मांडवीच्या कमानी मोजल्या, त्या काही फुरसतीत नव्हे. कडेवर मूल आणि हातात पिशवी असतानाच मोजल्या.

रमजानच्या आणि ईदच्या चंद्रासाठी आम्ही सारे गच्चीवर चढून आकाशाचा कोपरान् कोपरा धुंडाळतो. केसाएवढी कोर दिसली की लहानथोर एकमेकांना बोटाने दाखवतात. आपल्याकडे संकष्टीला चंद्रोदयासाठी असेच पाहतात. म्हणजे पाहण्याची कला आपणांस येत नाही असे नाही. फक्त ती आपण ठरलेल्या तिथीस वापरतो. उरलेल्या रात्री तोच चंद्र त्याच गच्चीवर येतो आणि आपण दिवा लावून आत बसतो.

आता एक गंभीर गोष्ट. जे कोणी पाहात नाही, ते हळूहळू नाहीसे होते. रावपुरा भागातील तांबेकर वाडा आपण सर्वांना ऐकून ठाऊक आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा तो वाडा. आत भिंतीभिंतींवर चित्रे आहेत: कृष्णलीला, महाभारत, मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया, टोपीवाले साहेब. आज वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. गतवर्षी आम्ही नववीचा वर्ग तेथे नेला. त्या वर्गातील बहुतेक मुले याच शहरात जन्मली. हात वर करा म्हटले, तेव्हा आधी पाहिलेली दोनच निघाली. काही चित्रांचे रंग उडाले आहेत, कोठे चेहराच पुसट झाला आहे. एका मुलाने विचारले, "सर, हे पुसले कोणी?" आम्ही उत्तर दिले, "ओलीने, धुराने आणि वर्षांनी." पण मनात आले की, आम्हीही. खात्याने कितीही रक्षण केले, तरी ज्या वाड्याची गावाला आठवण नाही त्याचे रक्षण अर्धेच होते. त्या मुलांपैकी काहींनी पुढल्या रविवारी आपल्या आईवडिलांना वाडा दाखवला असे कळले. आमच्या वीस वर्षांच्या नोकरीतील तो एक चांगला सोमवार होता.

पुन्हा डॉक्टरांच्या त्या कागदाकडे येतो. धावपळही माणसाची दृष्टी अशीच कडेकडेने खाते. समोरचे काम दिसत राहते, म्हणून आपणांस सर्व दिसते आहे असे वाटते. कडेचे झाड जाते, कडेची इमारत जाते, मग कडेला बसलेला माणूस जातो. अम्मा दाराच्या चौकटीला खांदा आपटीत होत्या, ते आम्हांस कित्येक महिने दिसले नाही. त्यांच्या डोळ्यांच्या कडा गेल्या होत्या आणि आमच्या डोळ्यांच्या कडेला आमची आई होती. हे शल्य आम्ही आपणांपासून लपवू इच्छीत नाही. सहा महिने आधी नेले असते तर किती दृष्टी वाचली असती, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवानिमित्त दोन विनंत्या करतो. पहिली व्यवहाराची. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. नुसता चष्म्याचा नंबर नव्हे, तर डोळ्याचा दाब आणि मागची नससुद्धा. आईवडिलांना अगर भावाबहिणींना काचबिंदू असेल तर टाळाटाळ करूच नये, कारण हा विकार घराण्यात उतरण्याचा संभव असतो. आम्हीही तपासून घेतले. एका पेटीत डोके ठेवून बसवतात, बारीक दिवे इकडेतिकडे लुकलुकतात आणि दिसला की बटण दाबायचे. तेथे बसून आम्ही जेवढ्या आतुरतेने कडेचे ठिपके शोधले, तेवढ्या आतुरतेने जन्मात काही पाहिले नव्हते. तूर्त डोळे ठीक आहेत. दरवर्षी जावे लागेल. न्यासाने आपल्या वार्षिक आरोग्य शिबिरात ही तपासणी समाविष्ट करावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

दुसरी विनंती घराची. मुले शाळेतून आली की आपण विचारतो, किती गुण मिळाले? पुरुष कामावरून आले की विचारतो, भाजी आणली का? या प्रश्नांच्या जोडीला आठवड्यातून एकदा तरी अम्मांचा प्रश्न विचारून पाहावा. आणि घरच्या गृहिणीलाही विचारावा, कारण तिनेही दिवसभरात बरेच पाहिलेले असते. ते तिला कोणी विचारीत नाही. पहिले काही दिवस 'काही नाही' हेच उत्तर येईल. आमचेही तेच होते. विचारीत राहावे.

अम्मांची दृष्टी आता बरीच मर्यादित झाली आहे. थेंब चालू आहेत. परवा आम्ही घरी आलो तेव्हा प्रश्न विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "आज कुछ अच्छा देखा ना? गाडी आहिस्ता आयी." स्कूटरच्या आवाजावरून त्यांनी ओळखले होते. आम्ही म्हणालो, "हो." आणि त्यांच्याजवळ बाजेवर बसून, सुरसागराच्या काठावर एक म्हातारे गृहस्थ नातवाला बगळा दाखवीत होते, तो बगळा उडेपर्यंतची सगळी हकिकत सांगितली.

ज्या न्यासाने आम्हांस पुस्तके दिली, त्याच्या शतकमहोत्सवास आमचे विद्यार्थी आणि त्यांची मुले येथे बसोत, आणि तोवर मांडवीच्या तिन्ही कमानी आणि शाळेतला वड शाबूत राहोत, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.